उलटा टीव्ही

“त्यात काय मोठंसं!” असं म्हणून काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, की समजावं, एखाद्या धडधाकट वस्तूचं आयुष्य संपलं. तुमच्याही सोसायटीत असा एक विद्वान असेलच. आमचा एव्हरशाईन सिटीत, माझ्या वरच्याच मजल्यावर राहायचा. माझं माणिकपूरला संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. सोसायटीतून आलेल्या प्रत्येक यंत्रावर आधी काकांचा हात फिरलेला असायचा.

काकू पायांनी अधू झाल्या आणि पार्किंगमधल्या गणपतीची आरती त्यांना अंतरली. त्या दुखण्याला रडल्या नाहीत, आरतीसाठी रडल्या. काकांनी लगेच पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आणि त्याला जोडायचा चिमुकला कॅमेरा मागवला. खाली आरती, वर काकूंच्या टीव्हीवर चित्र. कल्पना चांगली होती, म्हणजे काकांची नसावी.

या संगणकाच्या पोटात काहीच नसतं. तो चालतो मेमरी कार्डावर, आणि त्याला चालवणारी फाइल त्यावर नुसती कॉपी करून भागत नाही, वेगळ्या प्रोग्रॅमने कार्डावर लिहावी लागते. मी हे नीट समजावलं. काकांनी कॉपीच केली, पुन्हा पुन्हा केली, आणि “बोर्ड बोगस आहे” असा निकाल दिला.

शेवटी मीच कार्ड लिहून दिलं. तरी यंत्र ढिम्म. कार्ड काढून बघतो तर त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर कुंकू!

“काका, हे काय?”

“नवीन यंत्र पूजा न करता सुरू करतात? शिकलास काय तू?”

“मग मागच्या बाजूला लावा ना!”

“तोंड सोडून पाठीला कुंकू लावतात का रे?”

मी पट्ट्या पुसल्या. काकांनी नाइलाजाने पाठीला कुंकू लावलं. यंत्र सुरू झालं, आणि श्रेय अर्थातच पूजेला गेलं.

कॅमेरा मंडपाच्या बांबूला त्यांनी स्वतःच बांधला. उलटा. वर टीव्हीवर गणपतीचं डोकं खाली, पाय वर. सेटिंगमध्ये एक ओळ बदलली की झालं, असं मी म्हणतोय तोवर चष्मा कपाळावर गेला. “त्यात काय मोठंसं!” काकांनी टीव्हीच उलटा केला आणि उभा राहीना म्हणून दोन उशांमध्ये कोंबला. काकूंनी हात जोडले. असा आडमुठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सगळ्या सोसायटीला मी ही गोष्ट रंगवून सांगितली.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. यंदा चतुर्थीच्या सकाळी काकूंनी मला बोलावलं.

“त्यांची ती कॅमेऱ्याची डबी लावशील का रे खाली?”

“लावतो की. आणि कॅमेरा सुलटा बांधतो, म्हणजे हा टीव्हीही एकदाचा सरळ करता येईल.”

काकू टीव्हीच्या उशांकडे बघत राहिल्या.

“नको रे. सरळ केलंस की ते तुझं होईल.”

मी खाली गेलो. कार्डाच्या पाठीवरचं कुंकू पुसट झालं होतं. पूजेच्या ताटातलं चिमूटभर घेऊन लावलं, कार्ड खाचेत सरकवलं आणि बांबूला कॅमेरा बांधायला लागलो.

“अरे, उलटा बांधतोयस!” मंडपातून कुणीतरी हसत ओरडलं.

“त्यात काय मोठंसं,” मी म्हटलं.