घरातला दुसरा हार्ट पेशंट

ईसीजीची पट्टी घेऊन डॉक्टर आल्या आणि माझ्या नवऱ्याला, बस्त्यावला, म्हणाल्या, "काका, ॲडमिट व्हावं लागेल. हार्ट ॲटॅक आहे."

पट्टी माझी आहे, हे मीच सांगितलं. डॉक्टरांची तरी काय चूक? मी ट्रॅकसूटमध्ये, आणि मांडीवर सवयीने आणलेली बस्त्यावची जुनी फाइल. खरं तर मी घाबरायला हवं होतं. मला काहीच वाटलं नाही. बूट कुठे काढून ठेवू, एवढंच विचारलं.

आमच्या घरात हृदय होतं ते फक्त बस्त्यावला. त्याची बायपास झाल्यापासून गोळ्या, पथ्य, आमच्या नंदाखाल गावातल्या वाड्यांमधून संध्याकाळची फेरी, सगळा कारभार माझ्याकडे. मी शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली. फेरीत मी पुढे, तो मागे. दर वळणावर थांबून मी विचारायची, "दम लागला का?"

माझी पाळी जाऊन काही वर्षं झाली होती. मध्येच घाम फुटायचा, झोप नीट लागायची नाही, भरभर चाललं की जबडा दुखायचा. बहीण म्हणाली, वयाचं आहे, सगळ्याच बायकांना होतं. मलाही ते पटलं. जबड्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे गेले, तर दात ठणठणीत निघाले. मग त्या संध्याकाळी गल्लीतल्या क्रुसापाशी कळ डाव्या खांद्यापर्यंत उतरली आणि मी खाली बसले. रिक्षा बस्त्यावनेच थांबवली.

रात्रीच अँजिओग्राफी झाली. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या पडद्यावर बघतात. एक जवळजवळ बंद होती. तिथे स्टेंट, म्हणजे जाळीची छोटी नळी, बसवली. पडद्यावर कुणा दुसरीचंच हृदय आहे, अशी मी बघत होते.

रोज व्यायाम करूनही हे कसं, एवढं मात्र मी विचारलं.

"काकू, पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या लवचिक ठेवायला मदत करतं," डॉक्टर म्हणाल्या. "ते कमी होतं, वयाने वाहिन्याही कडक होतात. व्यायामाने धोका कमी होतो, संपत नाही. पण तुमचं हृदय तगलं, त्यात त्या चालण्याचा वाटा आहे."

इस्ट्रोजेन म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन. शाळेत मुलींना मीच हे शिकवलं होतं, फक्त पाळीपुरतं. हृदयाशी त्याचं काही नातं असेल, हे माझ्या गावीही नव्हतं.

नातेवाईक आले, फादर प्रार्थना करून गेले. बहीण रडली. मी तिला पाणी हवं का विचारलं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तसं चालणं पुन्हा सुरू झालं: बोलता येईल इतकंच हळू. आता बस्त्याव पुढे असतो. पहिल्याच आठवड्यात क्रुसापाशी तो थांबला, मागे वळला.

"दम लागला का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. बायांनो, हेच "नाही" आपल्या जिवावर उठतं. आणखी काही त्रास होतोय का, या प्रश्नाला इतके महिने बहिणीला, दातांच्या डॉक्टरला, स्वतःला मी तेच उत्तर देत आले होते.

"हो," मी म्हटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भीती वाटली. मी रडायला लागले. बस्त्याव क्रुसाच्या पायरीवर बसला आणि त्याने शेजारची जागा हाताने झाडली.