अळणी सोमवारची धाव

मंडळी, आजचं ऐका.

माझी मॅरेथॉन नीट पार पडावी म्हणून आईने नवस केलाय: दर सोमवारी मी अळणी खायचं. धावण्याआधी मीठ घातलेली पेज प्या, असं आहारतज्ज्ञ मॅडमनी बजावलं होतं. आज मी ती बिनमिठाची प्यायले आणि उन्हात लांब धावले, नुसतं पाणी पीत.

परतताना स्कूटीवरून मागे येणारी बहीण ओरडली, "ताई, थांब गो! आपलं घर मागं राह्यलं!"

मी वळून पाहिलं. आमचं घर मला ओळखताच येईना.

डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ फार उतरलंय. मॅडम फोनवर म्हणाल्या, "नवसाचं मला आधी का नाही सांगितलंत?"

आई नवस मोडायला घाबरते. मी पुढच्या सोमवारला घाबरतेय. तुम्ही असतात तर आईला काय सांगितलं असतंत?