उणे अठ्ठावीस

अक्का गेल्यावर दोन वर्षं मी दाजींशी बोललो नव्हतो. दाजी फ्रिज-एसीचे मिस्त्री. अर्धापूरला केळी पिकवायच्या थंड खोल्यांची कामं करतात. अक्का नांदेडच्या दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होती, मी फोनवर फोन लावत होतो, आणि हे आले तिचा जीव गेल्यावर चार तासांनी. तो राग घेऊनच मी लातूरला परतलो. तिथं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो.

माझा नाद वेगळाच. प्रोसेसर जेवढा गार ठेवावा तेवढा जास्त वेगानं पळवता येतो. पंखे लावून झाले, पाणी फिरवून झालं. आता जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जोडून थेट गॅसनं गार करायचा होता. पण नळ्यांना मी मारलेला एकेक जोड गळायचा. तिसऱ्यांदा गॅस उडून गेला तेव्हा सगळं सामान पोत्यात भरून मी अर्धापूरची एसटी धरली. लातुरात मिस्त्री मिळाला नसता असं नाही.

का आलास, असं दाजींनी विचारलं नाही. प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा ठोकळा हातात फिरवून पाहिला. बिस्किटाएवढ्या चकतीसाठी एवढा कॉम्प्रेसर, म्हणाले, आणि माझे सगळे जोड कापून टाकले.

दोन रविवार त्यात गेले. नव्या जोडांना साबणाचा फेस लावून गळती पाहिली. मग पंपानं नळ्यांतली हवा ओढली. मीटरचा काटा जागचा हलत नाही ना, हे तासभर बघावं लागतं. काट्याकडं बघतच ते बोलले.

"त्या दिवशी फोन वाजून राहिला होता. ऐकू येत होता मला."

मीही काट्याकडंच बघत होतो.

"काम होतं म्हणून नाही. उचलला असता तर ते खरं झालं असतं. तिथंच बसून राहिलो, केळाच्या क्रेटवर."

दोन वर्षं घोकलेली वाक्यं माझ्याजवळ होती. काटा हलला नव्हता. गॅस भरायचा का, एवढंच मी विचारलं.

"भर," म्हणाले.

कॉम्प्रेसर लावल्यावर ठोकळ्याकडं जाणाऱ्या नळीवर पांढरा बर्फ धरला. स्क्रीनवर तापमान उणे अठ्ठावीस. प्रोसेसर एवढ्या वेगात कधी पळाला नव्हता. मी आकडे मोठ्यानं वाचत होतो, दाजी मान हलवत होते. चाळीस मिनिटांनी स्क्रीन काळी झाली. गारव्यानं हवेतली वाफ प्रोसेसर बसतो त्या बोर्डाच्या पाठीवर पाणी होऊन साचली होती. बोर्ड जळाला. दाजींनी तो उलटा करून बोट फिरवलं. मागून हवा लागू नये म्हणून फोम लावायचा राहिला आपला, म्हणाले.

त्यांना माफ केलं का, मला सांगता येणार नाही. आता नांदेडला गेलो की अर्धापूरला मुक्काम करतो. आई विचारते, दाजी काय म्हणतात. मी तिला गॅसचं सांगतो, नळ्यांचं सांगतो.