दार पडलं नव्हतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदाला तर नाहीच — ती माझी बायको आणि दिलीप तिचा धाकटा भाऊ, मग तिला कसं सांगणार? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही उद्या माझ्या पंगतीला बसणार नाही. एवढंच कारण असावं.

उदगीरच्या मोंढ्यात माझी अडत आहे, पण गावात मला ओळखतात ते गाडीमुळं. निजामाच्या काळातली मोटार. नायगावकडं एका शेडात कडब्याखाली पडून होती. तिचा सांगाडा लाकडाचा. वरून पत्रा दिसतो, पण तो पत्रा आतल्या लाकडी चौकटीवर ठोकलेला असतो. चौकट गेली की गाडी गेली. तिच्यासाठी मी या वयात सुतारकाम शिकलो. पत्रा उतरवला, भुंग्यानं पाडलेलं पीठ ब्रशानं काढलं, भोकाभोकांत औषध सोडलं, कुजलं तेवढंच कापून तिथं सुकलेल्या सागाचा जोड दिला. जुनं लाकूड वाचवायचं, हा हट्ट. बघायला येणाऱ्यांना मी दारांच्या लाकडी खांबांवरून हात फिरवून सांगायचो — हे सगळं मूळचं.

पत्र्याचं काम दिलीपचं. मुदखेडला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. सवड काढून यायचा, अक्काच्या, म्हणजे सुनंदाच्या, हातचं जेवायचा, आणि दिवसभर माझ्या अंगणात ठोकठोक करत बसायचा. मला ‘दाजी’ म्हणायचा. हाताचा फार चांगला होता.

त्याच्या उजव्या हाताचं काय झालं, ते सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. गाडीचं जड दार बसवताना सटकलं, खाली हात सापडला. मीच सांगितलंय. इतक्यांदा सांगितलंय की कधीकधी मलाच ते दार पडताना दिसतं.

दार पडलं नव्हतं.

त्या दिवशी सुनंदा लातूरला गेली होती. मी दुपारी दुकानातून घरी आलो. दिलीप गाडीपाशी उकिडवा बसला होता. बिजागरीचे स्क्रू धरत नव्हते म्हणून त्यानं डावीकडचा खांब पटाशीनं उघडला होता. आत लाकूड नव्हतंच. वाळवीनं केव्हाच खाल्लं होतं. जुन्या लाकडाची पातळ साल वर ठेवून आत मी गोंदात कालवलेला भुसा भरला होता — मीच, एकट्यानं, आणि वरून पॉलिश मारलं होतं.

“दाजी, ह्याच्यात लाकूडच न्हाई,” तो म्हणाला. “भुसा भरलाव की तुम्ही.” आणि हसला. “आन् लोकायला मूळचं म्हणून दाखवताव.”

तो टोचून हसला का? नाही. घरच्या माणसानं हसावं तसा हसला. हे मला तेव्हाही कळत होतं, ते आधी लिहून ठेवतो.

त्याचा हात चौकटीच्या तळाच्या पट्टीवर होता. माझ्या हातात हातोडा कसा आला — असं लिहिणार होतो. पण तो आपोआप आला नाही. मी हत्यारांच्या बाकापर्यंत गेलो, छोटा होता तो बाजूला सारला, मोठा उचलला, परत आलो. दिलीपला वाटलं, मी खांब ठोकायला आलोय. तो बाजूला सरकला, पण हात तिथंच राहिला.

मी त्याच्या हातावर घाव घातला.

आवाज ओलं लाकूड फुटल्यासारखा आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं — चुकून लागलं असं त्याला वाटत होतं. त्याच्या चेहऱ्यावर मलाच माफी होती. तिथं थांबलो असतो तर? ‘चुकलं’ म्हणता आलं असतं. पहिल्या घावाला राग म्हणता येतं. मी त्याचं मनगट डाव्या हातानं पट्टीवर दाबून धरलं आणि पुन्हा मारलं. बोटं चिरडली. रक्त त्या जुन्या लाकडात उतरलं. मला बरं वाटलं. हो — बरं वाटलं. तिसऱ्यांदा हातोडा उचलला, तेव्हा त्यानं दुसरा हात त्या हातावर ठेवला. झाकला.

तो हात बघून मी थांबलो, असं सांगायला आवडलं असतं. फाटकातून गॅसच्या टाकीवाल्यानं हाक मारली, म्हणून थांबलो.

माझ्या रोजच्या गाडीत घालून मी त्याला लातूरला नेलं. हाताला गुंडाळलेला टॉवेल भिजून सीटवर ठिपकत होता. वाटेत तोच म्हणाला, “अक्काला सांगू नका दाजी. दार पडलं म्हणा.”

“हाव,” मी म्हणालो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर त्यानं सांगायच्या आधी मीच सांगितलं. सुनंदा धावत आली, भावाकडं पाहून रडली आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तुम्ही होता म्हणून बरं झालं.”

बोटं वाचली, पण मिटत नाहीत. वेल्डिंगचं दुकान त्यानं विकलं. डावीकडच्या खांबाच्या जागी मी सागाचा नवा खांब बसवला. लोकांना अजून मूळचाच सांगतो.

यंदा नांदेडला त्याच्या पोरीचं लग्न झालं. माझी गाडी फुलांनी सजवून दारात उभी होती. व्याह्यांनी दिलीपच्या हाताकडं बघून विचारलं. तो तोंड उघडायच्या आत मीच बोललो, “लई घायकुता माणूस. सांगितलं होतं, दाराखाली हात घालू नको म्हणून.” सगळे हसले. दिलीपही हसला. “हाव, घाईच केली मी,” म्हणाला.

मग कन्यादान लागलं. भटजींनी त्याला ओंजळ धरायला सांगितली. त्याची ओंजळ होत नाही. पाणी बोटांच्या फटींतून गळून पोरीच्या शालूवर पडायला लागलं. तेव्हा सुनंदा पुढं झाली आणि तिनं त्याच्या हाताखाली आपले हात धरले. भटजींनी पुन्हा पाणी घातलं.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. माझे दोन्ही हात रिकामे होते. मी ते पुढं केले नाहीत.