बसलेला घसा

त्या वर्षांत लालबाग-परळमध्ये धड आवाजाचा माणूस शोधून सापडत नव्हता. रोज कुठे ना कुठे सभा, नाहीतर मोर्चा, आणि 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून ओरडून ओरडून सगळ्यांचे घसे बसलेले. माझे वडील गिरणीतून सुटले की परस्पर सभेला जायचे आणि घरी येऊन खुणेनं पाणी मागायचे. आई म्हणायची, बरं झालं, तेवढीच घरात शांतता. बसलेला घसा ही तेव्हा मिरवायची गोष्ट होती. ज्याचा आवाज खणखणीत, तो सभेला फिरकलाच नाही, असं चाळीतले लोक बेलाशक धरून चालायचे. आमच्या बाईंचाही घसा बसला होता आणि आम्हाला त्याचं भारी कौतुक होतं.

बाई म्हणजे परळच्या इस्पितळातल्या ज्या प्रयोगशाळेत मी बी.एस्सी. होऊन लागले, तिथल्या मुख्य डॉक्टर. विधवा, गिरगावात मुला-सुनेबरोबर राहायच्या. घोडपदेवच्या चाळींमधून क्षयाची पाहणी चालली होती आणि त्या कामासाठी आम्हा पाचसहा पोरापोरींना त्या तयार करत होत्या. तयार करत होत्या म्हणजे सोलून काढत होत्या म्हणा ना. काच नीट धुतली नाही, बोलणी. दिव्यावर रंग जास्त तापवला, बोलणी. मी लालबागच्या मालवणी घरातली, जिभेला हाड नाही, मी उलट उत्तर द्यायची. मग त्या आणखी चिडायच्या आणि दुपारी डब्यातली भाजी मात्र माझ्या पोळीवर वाढायच्या.

चाळीत गेलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. घरात कोणी खोकत असेल, तर आधी विचारायचं, तान्हं मूल आहे का? बायका सर्रास नाही म्हणायच्या. मागे झोळी हलत असायची, आत पोर कुरकुरत असायचं, आणि ही बया दारात उभी राहून नाही म्हणतेय! शेजाऱ्यांना कळलं तर नळावर भांडं लावू देणार नाहीत, गिरणीत कळलं तर नवऱ्याला घरी बसवतील, ही भीती. बाई दारात शांत असायच्या, पण जिना उतरताना त्यांचा नुसता संताप व्हायचा. पोराच्या जिवापेक्षा नळ मोठा झाला का गं यांना, असं मलाच विचारायच्या, जसं काही मीच खोटं बोलले.

प्रयोगशाळेत त्यांचा एक शिरस्ता होता. नवी मुलं शिकायला आली की पहिल्या दिवशी सगळ्यांनी, अगदी बाईंनीसुद्धा, स्वतःचा बेडका खाकरून काढायचा आणि त्याची मायक्रोस्कोपखाली बघायची काच करायची. लोकांची थुंकी हातात घेण्याआधी स्वतःची घ्या, म्हणजे नाक मुरडायची सवय जाईल, असं त्यांचं म्हणणं. आणि स्वतःची काच स्वतः बघायची नाही, दुसऱ्यानं बघायची, कारण आपल्या बाबतीत आपला डोळा खोटं बोलतो. नव्या मुलांना हसू आवरत नसे. खाकरण्याची नुसती चढाओढ लागायची. वर्षभरानं पुन्हा नवी मुलं आली, त्या दिवशीही तसंच हसत-खिदळत चाललं होतं. माझी काच बाईंनी बघितली आणि स्वच्छ म्हणून बाजूला ठेवली. त्यांची माझ्याकडे आली.

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. निळ्या रंगात लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू. एखादी चुकार नव्हे, जिथे काच सरकवावी तिथे झुबकेच्या झुबके.

आधी वाटलं, पेशंटची काच मिसळली. पण काचेवर बाईंनी स्वतःच्या हातानं कोरलेली खूण होती. मी कोणालाही न सांगता उरलेल्या बेडक्याची दुसरी काच केली. तिच्यातही तेच. म्हणजे हा घोषणांचा घसा नव्हताच! क्षय घशात उतरला की आवाज असाच बसतो, हे बाईंनीच फळ्यावर लिहून शिकवलं होतं, आणि ते शिकवताना त्यांचा आवाज फाटत होता, आणि आम्ही गाढवं समोर बसून म्हणत होतो, काय ही बाई, या वयातसुद्धा मोर्चा चुकवत नाही!

सगळे जेवायला गेल्यावर मी त्यांना बोलावलं. दोन्ही काचा त्यांनी बघितल्या. बराच वेळ त्या डोळा काढेनात. मग चष्मा पुसत अगदी हळू म्हणाल्या, "इतक्यात कोणाला बोलू नकोस."

मला आधी कळेचना, हे कोण बोलतंय. घोडपदेवच्या बायकांकडून मी हे वाक्य शंभरदा ऐकलं होतं, पण बाईंच्या तोंडी? त्या कारणं सांगत राहिल्या. चाळीत कळलं तर दारं बंद होतील, डॉक्टरीणबाईंनीच रोग आणला म्हणतील, पाहणी बुडेल, मुलांची वर्षाची मेहनत मातीत जाईल. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माझं माथं भडकलं. मी समोर स्टूल ओढून बसले आणि त्यांनीच शिकवलेल्या आवाजात विचारलं, "बाई, घरात तान्हं मूल आहे का?"

त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "नाही."

अहो, त्यांच्या नातीच्या बारशाला मी गेले होते! घुगऱ्या खाल्ल्या होत्या, पाळण्याची दोरी ओढली होती, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. मला रडू फुटलं. रागाचं की कसलं, देव जाणे. मग टेबलाची कड धरून त्या म्हणाल्या, "आहे. माझ्याच कुशीत झोपते. सुनेला झोप मिळावी म्हणून मीच घेते."

त्यानंतर मात्र त्या पुन्हा डॉक्टर झाल्या. आता मी घरी जाणार नाही, म्हणाल्या, इथेच वॉर्डात दाखल होते. चाळीत काय सांगायचं ते मी बघेन. औषधं आहेत हल्ली, माझं काय व्हायचं ते होईल. तू गिरगावात जा, सुनेला सांग आणि उद्या सकाळी पोरीला तपासायला घेऊन यायला लाव. चिठ्ठी द्या म्हटलं, तर मान हलवली. तोंडानं सांग म्हणाल्या.

ट्राममध्ये मी वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळेना. जिना चढले, तर सून दारातच, कडेवर बाळ. मला बघून तिचा चेहरा उजळला. बरं झालं आलात, म्हणाली, आईंना तुम्ही तरी सांगा, सभांना जाणं पुरे करा म्हणून, सारखा खोकतायत. आत दूध वर यायला लागलं होतं. ती घाईनं पुढे आली आणि बाळाला माझ्याकडे देत म्हणाली, "घ्या जरा हिला."

माझी काच स्वच्छ होती. पण एका स्वच्छ काचेवर विश्वास ठेवायचा नसतो, हेही बाईंनीच शिकवलेलं, आणि वर्षभर मी रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होते. मी दोन्ही हात मागे घेतले.

दूध उतू गेलं, करपल्याचा वास आला. तिनं वळूनही बघितलं नाही. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. तिनं माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि पोरीला छातीशी घट्ट धरून ती माझ्यापासून मागे सरकली.