चिकटपट्टीची नळी

सरांनी चिमट्याने काचेची एक नळी उचलली, तिच्या गळ्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि माझ्यासमोर ठेवली. "ही तुझी. सगळ्यांच्या उकळत्या पातेल्यात टाकायची नाही. बाहेरच्या नळावर धुवायची."

प्रयोगशाळेत विद्यार्थी होते, चपराशी भंवरलाल होता. कुणी मान वर केली नाही. मीसुद्धा नाही. नळी उचलली आणि "हो सर" म्हणाले. त्या "हो सर"ची मला आजही चीड येते.

आदल्या दिवशी हेच सर माझं मराठी ऐकून हरखले होते. "जयपुरात आपली मराठी मुलगी! संक्रांतीला घरी ये हळदीकुंकवाला." मग गाव विचारलं. सातारा जिल्हा म्हटल्यावर आणखी खुलले. मग आडनाव. मी सांगितलं. सर "अच्छा" म्हणाले. हळदीकुंकू तिथंच संपलं. दुसऱ्या दिवशी नळी आली.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. अस्पृश्यता कायद्याने गेली, असं मी शाळेत घोकलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी जयपूरच्या एका मेडिकल कॉलेजात लागले. काम दम्याच्या औषधाचं. श्वासाबरोबर ओढायची पावडर. आधी ती मिठाच्या कोमट पाण्यात टाकायची, पाणी अंगाच्या उबेइतकं ठेवायचं, आणि किती वेळात विरघळते ते बघायचं. मग पाळी माणसांची. आम्ही प्रयोगशाळेतलेच धडधाकट लोक नळी तोंडात धरायचो, मागचा रबरी फुगा दाबला की पावडर उडायची, ती छातीत ओढायची. मग दिवसभर प्रत्येकाची लघवी बाटलीत. तिच्यात औषध किती उतरलं, त्यावरून फुफ्फुसांनी किती शोषलं ते काढायचं.

बाटल्या तपासायचं काम माझं. सरांचीही बाटली मीच तपासायची. म्हणजे सरांची लघवी मी हाताळलेली चालत होती. माझे ओठ लागलेली नळी चालत नव्हती. सगळ्यांच्या नळ्या वापर झाला की उकळत्या पाण्याच्या पातेल्यात जायच्या. त्या पाण्यात जंतू मरत होते. माझी जात मरत नव्हती.

इतरांच्या नळ्या सरळ. माझी कुठल्या तरी मोडक्या यंत्राची, लांब मानेची, मध्येच वाकलेली. बाहेर धुताना रोज दिसायचं, वाकणात पावडरीचा पांढरा थर. धड आत जायचीच नाही. साहजिकच माझ्या बाटलीत औषध कमी. मी सरांना सांगितलं.

"नीट ओढत जा," सर म्हणाले. "आणि नीट धूत जा."

मग एक दिवस विद्यार्थ्यांपुढे मला उभं केलं. फळ्याची काठी माझ्या छातीकडे रोखली. "इन लोगों के फेफड़ों में यह दवा लगती ही नहीं. नस्ल का फ़र्क है." पोरांनी लिहून घेतलं. पुढे सरांच्या छापील लेखातही ते आलं. काही जातींच्या फुफ्फुसांत हे औषध शोषलं जात नाही. त्या काही जाती म्हणजे मी एकटी आणि माझी वाकडी नळी.

तेही मी गिळलं असतं. नोकरी हवी होती.

बाबा फौजेत हवालदार होते. जयपूरच्या छावणीतून निवृत्त झाले आणि इथंच राहिले, कारण गावी जाऊन पुन्हा गावाबाहेर राहायची त्यांची तयारी नव्हती. दगडाच्या एका वखारीवर चौकीदारी करायचे. धुळीने दमा जडला. उन्हाळ्यात आंधी सुटली की बाबा खाटेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवायचे आणि श्वासासाठी तडफडायचे. ओठ निळे पडायचे. मी नुसती पाठ चोळत बसायची.

आमच्याच हॉस्पिटलात तीच पावडर दम्याच्या मोजक्या रुग्णांना मिळू लागली होती. कुणाला द्यायची ते सर ठरवत. मी बाबांना घेऊन गेले. सरांनी नाव वाचलं. छाती तपासलीच नाही.

"हवालदार, तुमच्या लोकांना हे लागू पडत नाही. सिद्ध झालंय. तुमच्या मुलीवरच झालंय. औषध उगाच वाया जायचं."

बाबांनी सलाम ठोकला. इतक्या वर्षांची सवय. येताना टांग्यात मला म्हणाले, "पोरी, तुझ्या छातीत खोट हाय व्हय? कधी बोलली न्हाईस." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सायबाला काय बोलू नगंस. नोकरी जाईल."

त्या टांग्यात मी सूड घ्यायचं ठरवलं. न्याय, समता वगैरे शब्द तेव्हा माझ्या डोक्यात नव्हते. सूडच होता.

काही आठवड्यांनी दिल्लीहून एक मोठे डॉक्टर आमचा प्रयोग बघायला आले. सरांची बढती त्यांच्या शब्दावर होती. सर सूट घालून आले होते, पाहुण्यांसमोर स्वतः नळी ओढून दाखवणार होते. पाहुणे माझ्याकडे बघून म्हणाले, "पहले बिटिया को करने दीजिए."

भंवरलालने पट्टीची नळी पुढे केली. मी घेतली नाही. पातेल्याजवळ गेले, चिमट्याने एक सरळ नळी काढली, निवू दिली, पावडर भरून फुगा जोडला आणि सरांच्या डोळ्यांत बघत ओढली. एवढी पावडर माझ्या छातीत कधीच गेली नव्हती. मला ठसका लागला.

"ती नाही!" सर मराठीत ओरडले. "तुझी ती!"

पाहुण्यांना शब्द कळले नाहीत, आवाज कळला. "इनकी अलग क्यों है?"

मग मी बोलले. "हम महार हैं, साहब. मेरे होंठ लगी नली सर को नहीं चलती. इसलिए मुझे यह टेढ़ी वाली दी है. दवा इसी में अटक जाती है. और सर ने छाप दिया कि हमारे फेफड़े ख़राब हैं."

बोलता बोलता ती वाकडी नळी मी भंवरलालच्या हातातून घेऊन पातेल्यात टाकली. सगळ्यांच्या नळ्यांमध्ये. भंवरलाल मागे सरकला. पाणी खदखदत होतं, चिकटपट्टी सुटून वर तरंगायला लागली. मी नळी काढली, पुसली, पावडर भरली आणि सरांपुढे धरली.

"सर, आता हिच्यातून तुम्ही ओढा. तुमच्या लघवीत किती उतरतं बघू."

पाहुण्यांना मी हिंदीत तेच सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरकले. "ठीक तो कह रही है. कर लीजिए, डॉक्टर साहब."

एवढंच करायचं होतं. उकळलेली नळी ओठांना लावायची. सरांचा हात अर्ध्यापर्यंत आला. मी तो हात बघत होते. मग तो खिशात गेला आणि रुमाल घेऊन बाहेर आला.

"आज मेरा गला ठीक नहीं."

मला आनंद झाला. राक्षसी आनंद. लपवत नाही. पाहुणे चहा न घेता उठले आणि सरांची बढती त्यांच्याबरोबर दिल्लीला परत गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. "मराठी म्हणून तुला सांभाळून घेतलं. तू माझं नाक कापलंस."

"बाबांचं औषध लिहा," मी म्हणाले. "नाहीतर दिल्लीला मीच लिहिते."

त्यांनी लिहिलं. कागद फूटपट्टीने माझ्याकडे ढकलला, हाताला हात लागू नये म्हणून. मी तो उचलला. आभार मानले नाहीत. पुढच्या आंधीत बाबा कितीतरी महिन्यांनी आडवे होऊन झोपले. मी खाटेशेजारी बसून त्यांचा श्वास ऐकला, आणि सरांवरचा माझा राग जराही कमी झाला नाही. उलट वाढला. हे औषध बाबांना लागू पडत होतं. आधीही पडलं असतं.

ते छापील वाक्य तसंच होतं. कुठल्या कुठल्या हॉस्पिटलात कोण ते वाचत असेल आणि कुणाच्या बापाला परत पाठवत असेल.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. वाकडी नळी उकळली आणि सरांच्या टेबलावर, त्यांच्या पाण्याच्या पेल्याला टेकवून ठेवली. सर आले. थबकले.

"हे काय?"

"हिच्यातून ओढा, नाहीतर ते वाक्य तुमच्या नावाने छापून मागे घ्या," मी म्हणाले. "तोवर ही रोज इथं असेल. मीही असेन."