एका हाताची सोय

ऑफिसात त्याला करंगळीराव म्हणत. हे नाव ठेवलं होतं शेजारच्या टेबलावरच्या माणसानं, आणि त्या माणसाचं नाव एस्केपराव ठेवून करंगळीरावानं त्याच दिवशी फिटंफाट केली होती. दोघंही प्रोग्रॅमर, दोघंही एकाच आठवड्यात नोकरीला लागलेले. मालगाडीचा कुठला डबा कुठे आहे याचा माग ठेवणाऱ्या एका प्रोग्रॅमवर दोघांनी मिळून एकोणीस वर्षं काढली. त्या एकोणीस वर्षांत एका गोष्टीवर त्यांचं कधी जमलं नाही, ती म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा कशात.

बाहेरच्या माणसाला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल, आणि खरं सांगायचं तर तो तसाच होता. प्रोग्रॅम लिहायला एडिटर लागतो, म्हणजे अक्षरं टाइप करायची पाटी. करंगळीरावाची पाटी ईमॅक्स. तिच्यात काहीही करायचं तर कोपऱ्यातली कंट्रोलची कळ करंगळीनं दाबून धरायची आणि मग दुसरी दाबायची, तेही दिवसाकाठी हजार वेळा. एस्केपरावाची पाटी विम. तिच्यात अक्षरांच्या कळा म्हणजे हुकूम. इंग्रजी जे दाबला की एक ओळ खाली. लिहायचं असेल तर आधी तसं तिला सांगायचं, आणि लिहून झालं की डावीकडे वरच्या टोकाची एस्केप दाबून पुन्हा हुकमांवर यायचं. एस्केप राहिली तर पुढचे सगळे हुकूम मजकुरात सांडतात. मग चांगल्या चाललेल्या ओळीत मधेच जेजेजेजे असं काहीतरी उगवतं.

"तुझी करंगळी एक दिवस गळून पडणार," एस्केपराव म्हणायचा.

"तू विमनं भांडी घास. त्यालाच बरी आहे ती," करंगळीराव म्हणायचा, कारण त्या नावाची भांड्यांची पावडरही मिळायची.

रोज सकाळी एवढं झाल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे. नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कुठल्यातरी एका बाजूला ओढलं जाई. साहेबांनी एकदा वैतागून दोघांची टेबलं लांब नेऊन ठेवली, तर हे दोघं हॉलच्या दोन टोकांहून बोलायला लागले. चौथ्या दिवशी साहेबांनीच टेबलं परत आणवली.

पाण्याच्या मशीनजवळ एक बुचाचा फळा होता. एस्केपरावाच्या कामात असा सांडलेला हुकूम सापडला की करंगळीराव ती ओळ छापायचा, सांडलेली अक्षरं लाल करायचा, वर 'आजचे शिंतोडे' असं लिहायचा, खाली तारीख घालायचा आणि कागद फळ्यावर टाचायचा. महिन्याला एखाददुसरा कागद असे. एस्केपराव स्वतः येऊन बघायचा, अक्षरं मोजायचा आणि म्हणायचा, "यातला एक जे माझा नाही हं." महिना संपला की करंगळीराव ते कागद उतरवून खणात ठेवायचा. असल्या कामात तो फार टापटिपीचा होता.

शेवटच्या वर्षी शिंतोडे वाढले. आधी आठवड्याला दोन झाले, मग रोज एक. करंगळीरावाला तर आनंदाचं भरतं आलं. "म्हातारा झालास," तो म्हणाला. एस्केपराव हसला, पण जे मोजायला काही उठला नाही. तेही करंगळीरावाच्या लक्षात आलं नाही. आपल्याच विनोदावर खूश असलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, आणि हा तर तेव्हा फारच खूश होता.

मग एका दुपारी जेवणानंतर एस्केपराव त्याच्या टेबलापाशी आला. डावा हात खिशात होता. खुर्ची ओढून जवळ बसला आणि हळूच म्हणाला, "अरे, तुझ्या ईमॅक्समध्ये एका हातानं काम करता येतं का रे?"

झालं. एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस उजाडला. करंगळीराव खुर्चीवरून उठला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मंडळी, एस्केपराव शरण आले." टाळ्या पडल्या. कुणीतरी शरणपत्राचा मसुदा केला, कुणीतरी तो छापून आणला. एस्केपरावानं उजव्या हातानं सही केली. तो हसत होता. सगळ्यांनी मागवलेला चहाही त्यानं घेतला, आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. पुन्हा त्यानं काही विचारलं नाही.

महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली. कारण सांगितलं घरचं. निरोपाच्या दिवशी भाषण करायला तो उभा राहिला नाही, आणि करंगळीरावाला राग आला. एवढ्या वर्षांच्या दोस्तीत या माणसानं नोकरी सोडतोय हे आपल्याला आधी सांगायला नको? त्यानं ते मनाला लावून घेतलं. पुढची तीन वर्षं फोन झाले ते मोजून पाच-सहा. बोलणं "बरंय ना" आणि "बरंय" यापलीकडे गेलं नाही.

तीन वर्षांनी औषधांच्या दुकानात त्याला वहिनी भेटल्या, एस्केपरावाची बायको. हातात औषधांची मोठी पिशवी होती.

"कुणाची एवढी औषधं?" त्यानं विचारलं.

"यांचीच की. नसांचं दुखणं आहे ना." मग त्याचा चेहरा बघून त्या थांबल्या. "तुम्हाला माहीत नाही? अहो भाऊजी, नोकरी त्यापायीच सोडली. डाव्या करंगळीपासून सुरू झालं. त्यांच्या हातानं आता काही होत नाही."

करंगळीरावानं त्यांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

"तुम्हाला विचारलं होतं ना त्यांनी, एका हाताचं?" वहिनी अगदी साधेपणानं म्हणाल्या. "जमण्यासारखं नाही म्हणालात म्हणे तुम्ही. नाहीतर आणखी वर्षभर केली असती नोकरी."

आपण असं म्हणालो नव्हतो, हे त्याला दुकानातच आठवलं. आपण काय म्हणालो होतो तेही आठवलं. मित्रानं आपली टर उडवली हे बायकोला सांगण्यापेक्षा एस्केपरावानं 'जमण्यासारखं नाही' एवढंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसातला खण उघडला. शिंतोड्यांचे कागद तारखांप्रमाणे लावले. अठरा वर्षं महिन्याला एखाददुसरा, मग आठवड्याला दोन, मग रोज. डावी करंगळी एस्केपपर्यंत पोचेनाशी झाली होती, आणि डॉक्टरला कळायच्या आधी ते फळ्यावर लागलं होतं. लाल शाईत, तारीखवार, याच्याच हातानं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कागद खणात परत ठेवायलाही त्याचे हात धजेनात.

मग त्यानं ईमॅक्स उघडलं आणि एका हाताची सोय करायला बसला. एक कळ टिचकवली की पुढची कळ आरशातली, म्हणजे डावीकडची अक्षरं उजवीकडच्याच कळांवर यायची. कंट्रोल दाबून धरायला नको, नुसतं एकदा टेकलं की पुरे. स्वतःचा डावा हात मांडीखाली दाबून त्यानं सगळं करून पाहिलं. नीट चालत होतं. पाच वाजले तेव्हा काम झालं होतं.

रविवारी सकाळी तो लॅपटॉप घेऊन एस्केपरावाच्या घरी गेला. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत एस्केपराव बसला होता. चेहरा तसाच, खट्याळ. करंगळीरावानं तोंडातल्या तोंडात चारदा घोळवलेली माफी बाजूलाच राहिली आणि तो घाईघाईनं लॅपटॉप उघडून ती सोय दाखवायला लागला. आरसा, टिचकी, सगळं.

एस्केपरावानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "छान केलंयस रे. पण आता उजवाही गेला."

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. आल्यापासून ते हलले नव्हते. वहिनी दुकानात 'हातानं' म्हणाल्या होत्या. यानं तो एकच हात धरला होता.

"माझं चुकलं," करंगळीराव म्हणाला. "त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा."

"ते राहू दे. तुझे हात चालतात ना? मग बस इथं."

शब्दकोडी बनवणारा एक प्रोग्रॅम एस्केपरावानं घरी लिहायला घेतला होता. जोडाक्षरं एका चौकोनात मावेनात तिथे तो अडकला होता, आणि मग हात गेले होते. करंगळीराव ईमॅक्स पुढे ओढायला लागला.

"ते नको," एस्केपराव म्हणाला. "माझी उघड."

आयुष्यात पहिल्यांदा करंगळीरावानं विम उघडली. एस्केपराव सांगत गेला, हा लिहीत गेला. ओळ झाली. "आता चार ओळी खाली ये," एस्केपराव म्हणाला. यानं चारदा जे दाबला. पडद्यावर उमटलं जेजेजेजे.

एस्केपराव इतका हसला की वहिनी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "छाप ते," तो म्हणाला. "लाल कर आणि लाव फळ्यावर."

करंगळीरावाला हसू येईना. त्यानं मान खाली घालून ते चार जे एकेक करून पुसले.

 हसणं ओसरल्यावर एस्केपराव सहज विचारल्यासारखं म्हणाला, "ते एका हाताचं बसवायला किती दिवस लागले रे तुला?"

महिना, असं सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठावर आला होता.

"एक दुपार," करंगळीराव म्हणाला.

"माझाही तेवढाच अंदाज होता." एस्केपरावानं डोळे मिटले आणि उघडले. "चल, पुढची ओळ. आधी एस्केप दाब."

करंगळीरावानं डावी करंगळी लांब केली आणि ती कळ दाबली.